मामाचा गॉगल आणि तुसाची राख

गॉगल पुसणाऱ्या माणसाकडे मी फार वेळ बघू शकत नाही. चारचौघांत बरा शहाणा वाटणारा माणूस गॉगल काढतो, तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडतो आणि शर्टाच्या टोकानं असा खसाखसा घासतो, की त्याच्या हातावर एक चापट मारावी. कुणी लुंगीनं पुसतं. कुणी रुमालानं, आणि त्याच रुमालानं आत्ताच मान पुसून झालेली असते. एकानं तर माझ्यादेखत काचेला थुंकी लावली होती. कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसणारा माणूस, पण अक्कल एवढीच. दोन महिन्यांनी हीच मंडळी कुरकुरतात, की हल्लीच्या वस्तूंत काही दम राहिला नाही.

करायचं असतं ते अगदी थोडं. लग्नानंतर काही वर्षांनी बेळगावात मी स्वतःसाठी पहिला गॉगल घेतला, तेव्हा दुकानातल्या म्हाताऱ्यानं मला ते समजावलं होतं. धूळ म्हणजे बारीक खडेच. ते आधी थंड पाण्याच्या धारेखाली वाहून जाऊ द्यायचे. मग साबणाचा एक थेंब बोटांच्या पेरांनी हलका फिरवायचा, पुन्हा पाणी, आणि कितीदा तरी धुतलेल्या मऊ सुती कापडानं टिपून घ्यायचं. टिपायचं, घासायचं नाही. राख नको, दंतमंजन नको, तेल नको. ठेवताना काच वर करून, डबीत. गाडीच्या काचेपाशी उन्हात तापत ठेवायचा नाही. एवढं सांगून तो म्हणाला, "बाई, डोळ्यात कचरा गेला तर तुम्ही काय करता? पाणीच मारता ना?"

मी पिशवी उचलून बाहेर पडले, कारण मी पाणी मारलं नव्हतं.

बाजारकुणंग गावाच्या पुढे, रानाच्या कडेला आमचं घर होतं. घरात आई, मी आणि माझा मोठा भाऊ, अण्णा. वडील लवकर गेलेले. मी तेरा वर्षांची असताना, भाताच्या झोडपणीच्या दिवसांत, अण्णाच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. आई दुसऱ्या टोकाला पेंढ्या बांधत होती. मी जवळ होते, आणि मला वाटायचं की मला सगळं येतं. त्याची पापणी मी बोटांनी ओढली, जोरात फुंकर मारली आणि परकराचं टोक पिळून त्यानं डोळा पुसला. निघेना, म्हणून पुन्हा पुसला, जरा दाबून. तो हं हं करत राहिला. रात्रीपर्यंत डोळा लाल झाला. आठ दिवसांनी त्याला जोयड्याला दवाखान्यात नेलं, तोवर बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. कुसळानं डोळा गेला, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणू लागले.

पाच वर्षांनी अण्णाच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. दोन ठिकाणी तो जाऊन आला. पहिल्या घरातल्या बाईनं दारातच तोंडाला पदर लावला. दुसऱ्या घरी पोहे मिळाले, पण मुलगी बाहेर आलीच नाही.  दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा रानात लाकडाच्या कामाला गेला आणि सात दिवस तिकडेच राहिला. आई चुलीपुढे बसून म्हणायची, "ह्याचं कसं हुईल गे?" त्या वेळी मी भांडी जरा जोरात आपटायची. त्याचं लग्न व्हावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं, आणि त्याचं कारण मला एकटीला माहीत होतं.

मग मामा उगवला.

हा माझ्या आईचा भाऊ. रामनगरला लाकडाच्या ठेकेदाराकडे मुकादम होता. म्हणजे ओंडके दुसरी माणसं उचलायची, आणि हा काळा गॉगल लावून सावलीत उभा राहून "हां, हां, तिकडं" म्हणायचा. हा गॉगल त्यानं गोव्याच्या बाजूनं आणला होता आणि विलायती काचेचा आहे असं तो येईल त्याला सांगायचा. घरात आला तरी काढायचा नाही. उंबऱ्याला ठेच लागली की उंबऱ्यालाच शिव्या द्यायचा. एवढ्या विलायती वस्तूची निगा तो कशी राखायचा? शर्टाच्या टोकानं पुसायचा, खिशाला लोंबता ठेवायचा, जीपच्या तापलेल्या बॉनेटवर काचा खाली करून आपटायचा. आईला मात्र तो साहेबासारखा दिसायचा. माझ्या आईला दिसण्याची पारख कधीच नव्हती.

"दिग्गीला एक पोरगी हाय," मामा म्हणाला. "घर चांगलं, भात चांगलं. म्या बोलून ठेवलंय. बघायला जाताना ह्यानं हा गॉगल घालायचा."

आई म्हणाली, "आणि मागनं कळलं तर?"

"अक्षता पडल्यावर कळू दे की. मग काय पोरगी परत न्हेतील व्हय?"

हे तो मिशी पुसत, चहा पीत बोलला. मला त्याची किळस आली. त्याहून जास्त किळस या गोष्टीची आली, की मला ते पटलं. अण्णा खाली बघत बसला होता. मामानं त्याच्या नाकावर गॉगल चढवला आणि मागे सरून मान वाकडी करत बघितलं. "हिरो दिसतोय, हिरो," तो म्हणाला. प्रत्यक्षात अण्णा जत्रेत फोटो काढायला उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसत होता.

मामा गॉगल सवयीसाठी चार दिवस ठेवून गेला. अण्णा तो घालून अंगणात फिरायचा. पहिल्या दिवशी त्याला बघून बैल दावं तोडून पळाला. जनावराला जे कळलं ते आमच्या घरातल्या माणसांना कळलं नाही. जाताना मामानं मला बजावलं होतं, "ए पोरी, चकाचक करून ठेव. काच हाय, विलायती. घाबरू नको."

मी कशाला घाबरते? काच उजळावी तर मीच, असं मला वाटायचं. आमच्याकडे वीज नव्हती. तिन्हीसांजेच्या आत कंदिलाची काच पुसून ठेवणं हे माझं काम, आणि आमच्यासारखी लख्ख काच आजूबाजूच्या एकाही घरात नसायची. इतर बायका चुलीतली राख तशीच बोटावर घेऊन फासायच्या. मी भाताची तुसं वेगळी जाळायची, ती राख फडक्यातून गाळायची, कोरड्या चिंधीवर घ्यायची आणि काच आतून-बाहेरून घोटायची. काजळीचा ठिपका राहायचा नाही. शेजारच्या काकी बघायला यायच्या. त्यांना कसं करायचं ते सांगताना मी नाक मुरडून सांगायची, तरी त्या यायच्याच.

जायच्या आदल्या दिवशी मी अंगणात पाट टाकून बसले. गॉगलवर मामाच्या बोटांचं तेल होतं आणि कडेला तांबूस काहीतरी वाळलेलं होतं. ते काय असेल याचा विचार न करता मी राख घेतली आणि घोटायला लागले. मन लावून, गोल गोल, दोन्ही बाजूंनी. मग फडक्यानं झटकून उजेडात धरला.

दोन्ही काचा धुरकट झाल्या होत्या. वाटलं राख राहिली असेल, म्हणून पुन्हा घासलं. आणखी धुरकट झाल्या. पाण्यात बुडवून काढल्यावर क्षणभर बऱ्या दिसल्या, वाळल्या की पुन्हा तशाच. नखानं टकटक करून बघितलं तेव्हा आवाज काचेचा आलाच नाही. डब्याच्या झाकणाचा यावा तसा आला. विलायती काच! ते साधं प्लॅस्टिक होतं. काच असती तर माझ्या हाताखाली उजळली असती. मामानं जगाला फसवलं होतं त्यात मीही फसले.

आता खरं सांगायला हवं होतं. अजून एक दिवस हातात होता, आणि गॉगलच नाही म्हटल्यावर जाणं पुढे ढकलता आलं असतं. पण मामासमोर "माझ्याकडून खराब झाला" असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं. कंदिलाची काच सगळ्यांना शिकवणारी मी. मी खोबरेल तेलाचं बोट घेतलं आणि दोन्ही काचांवर पातळ फिरवलं. ओरखडे गायब झाले, गॉगल नव्यासारखा चमकला. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की तो आईला नेऊन दाखवला.

दुसऱ्या दिवशी मामा जीप घेऊन आला. आईचे गुडघे धरलेले होते, आणि बाई माणूस तर हवं, म्हणून मला बरोबर घेतलं. माघ सरत आला होता, रस्त्यावर घोटाभर लाल माती झाली होती. जीपला मागे आडोसा नव्हता. अर्ध्या वाटेपर्यंत आमच्या भुवया लाल झाल्या आणि अण्णाच्या गॉगलवर तेलात माती बसून लेप चढला. त्यानं तो टॉवेलनं पुसला. लेप पसरला. त्यानं दुसऱ्या टोकानं जोर लावून पुसला, तेव्हा उरलंसुरलं दिसणंही गेलं. मी समोर बसून बघत होते आणि तोंड उघडत नव्हते.

"दिसतंय न्हवं?" मामानं विचारलं.

"दिसतंय," अण्णा म्हणाला. त्याला काही दिसत नव्हतं.

दिग्गीच्या त्या घराचं दार बुटकं होतं. अण्णाचं कपाळ चौकटीला थडकलं. आत भर दुपारीही अंधार होता. त्याला घोंगडीवर बसायला सांगितलं, तो घोंगडीच्या शेजारी जमिनीवर बसला. मुलीचा बाप, तिची एक काकी, दोन म्हातारे, सगळे त्याच्याकडे बघत होते. मामा ठेकेदाराच्या गोष्टी सांगत होता. मग मुलगी चहा घेऊन आली. सावळी, उंच, हाताला कामाचे घट्टे. तिनं कपबशी पुढे धरली. अण्णानं हात पुढे केला आणि कपाच्या बाजूची हवा धरली. तिनं कप सरकवला. त्यानं पुन्हा हवाच धरली.

"घरात काळोख हाय," मुलीचा बाप म्हणाला. "चष्मा काढा की पावणं."

मामा तयारच होता. "डोळं आल्यात पोराचं. साथ हाय ना सगळीकडं."

झालं. जवळ बसलेला म्हातारा घोंगडीसकट मागे सरकला. बापानं आपलं तांब्याभांडं उचलून पलीकडे ठेवलं. स्वतःच्या हुशारीवर मामा इतका खूश होता, की आपण डोळे येण्याची साथ जिभेवर घेऊन मुलगी मागायला आलोय हे त्याला कळलंच नाही. काकी मात्र मायाळू निघाली. ती परसात जाऊन तगरीची पांढरी फुलं घेऊन आली, पितळी वाटीत पाण्यात चुरली आणि अण्णापुढे बसली. "काढा चष्मा. डोळ्यांस्नी पाणी लावते. थंड वाटंल."

मामा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या."

"असं कसं? पावण्याच्या डोळ्यांस्नी एवढा त्रास, आणि आमी बघत बसू?"

अण्णानं आपणहून गॉगल काढला आणि मांडीवर ठेवला. मान वर केली. "डोळं आलं न्हाईत," तो म्हणाला. "एक गेलाय. कुसळ लागलं हुतं."

काकीची वाटी हातात तशीच राहिली.   मुलगी अजून कपबशी धरून उभी होती. बापाकडे न बघता तिनं विचारलं, "दुसऱ्यानं दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

"मग च्या घ्या की. निवतोय."

त्यानं कप घेतला, पहिल्याच वेळी, बरोबर. म्हाताऱ्यांपैकी एकजण हसला. बापही खोकल्यासारखं करून हसला. त्या घडीला अण्णाचं लग्न ठरत होतं. हे मला दिसत होतं, काकीला दिसत होतं. मामानं फक्त गप्प बसायचं होतं. जन्मात एकदा.

पण मामानं अण्णाच्या मांडीवरचा गॉगल उचलून दाराच्या उजेडात धरला होता. "हे कुणी केलं?" तो ओरडला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. भाच्याचा डोळा गेला तेव्हा ते असं झालं नव्हतं.

"मीच पुसला वाटंत," अण्णा म्हणाला.

"पुसला? धोंड्यावर घासलास व्हय? डोळा घालवलास, आता गॉगलबी घालवलास! तुझ्या हातात काय द्यायची सोय न्हाई बघ."

परक्या घरात, मुलीच्या देखत. अण्णानं कप खाली ठेवला.  मी तेव्हा जे बोलले ते सत्याची चाड होती म्हणून बोलले, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. ते खरं नाही. मला मामाला खाली पाडायचं होतं, एवढंच.

"गॉगल मी घालवला," मी म्हणाले. "राखेनं घासून. तुमी काच म्हणून सांगितलासा, आणि निघालं पलास्टिक. वर तेल मीच लावलं. आणि डोळाबी त्यानं न्हाई घालवला. मी परकरानं चोळला म्हणून गेला. पाणी मारलं असतं तर वाचला असता. हुशारी केली मी. तवा त्याला बोलायचं काम न्हाई."

मामाचं तोंड बंद झालं. मला गार वाटलं. मग मी बघितलं, की मुलीचा बाप अण्णाकडे बघत नव्हता, मामाकडेही नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

परत येताना मामा पुढे ड्रायव्हरशेजारी पाठ करून बसला. मागे मी आणि अण्णा. वाटेत अण्णा म्हणाला, "मला म्हाईत हुतं."

"काय?"

"तू चोळलीस तवाच आत काय तरी फाटल्यासारखं झालं. तुला कशाला सांगायचं? ल्हान हुतीस."

त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पाच वर्षं मी त्याला भोळा समजत होते. त्याच्या जेवणावरून, त्याच्या चालण्यावरून, हिशेबात चुकण्यावरून त्याला बोलत होते, आणि तो ऐकून घेत होता.

आठ दिवसांनी निरोप आला. घेऊन आला मामाच, तोच धुरकट गॉगल डोळ्यांवर लावून. तो त्यानं टाकला नव्हता. निरोप सांगताना त्याला इतका आनंद होत होता, की दोनदा सांगितला. मुलगा पसंत आहे. डोळ्याचं काही नाही, त्यांच्या घरातही एका काकाला दिसत नाही. पण भावाचा डोळा घालवून पाच वर्षं गप्प बसणारी आणि चारचौघांत थोरल्या माणसाच्या अंगावर जाणारी नणंद घरात असेपर्यंत ते पोरगी देणार नाहीत.

आई माझ्याकडे बघत राहिली. अण्णा म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे ते." आणि उठून गेला.

पण ते राहिलं नाही. मामा आणि आई यांनी महिनाभरात माझ्यासाठी बेळगावकडचं स्थळ आणलं. त्या माणसाला कुणी नीट बघितलं नाही. तो गॉगल लावून आला नव्हता, एवढ्यावर सगळे खूश. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? तुच्छतेनं ज्यांच्याकडे बघत आले त्या सगळ्यांच्या घरातली अडचण मीच निघाले होते. वैशाखात माझं लग्न झालं आणि ज्येष्ठाच्या आत दिग्गीची तीच मुलगी अण्णाची बायको होऊन आमच्या घरी आली.

त्या लग्नाला मी पाहुणी म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी मांडव उतरल्यावर घरची माणसं जेवायला बसली आणि वहिनी वाढायला आली. मी तिच्यात काही खोट सापडते का ते बघत होते. चालते कशी, वाकते कशी, आमटी सांडते का. तिनं अण्णाचं ताट मांडलं, भात वाढला आणि पाण्याचा तांब्या त्याच्या उजव्या हाताला ठेवला, दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूला. अण्णानं न चाचपडता तो उचलला आणि पाणी प्याला. पाच वर्षं त्याचं ताट मीच मांडत होते, आणि तांब्या डावीकडे ठेवत होते. जेवताना त्याचा हात लागून तो कलंडला, की वर त्याला बोलतही होते.